गल्ली सात फूट तीन इंच

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पक्कं लायसन्स हातात आलं आणि त्याच रात्री जेवताना घरात माझ्यासाठी चार गाड्या ठरल्या. बाबांची शोरूममधली कोरी अल्टो. चुलतभावाची लाल स्विफ्ट, कारण अधूनमधून ती त्यालाच न्यायची होती. आईची कुठलीही, पण एअरबॅगवाली. आणि शिरोळहून फोनवर असलेल्या मामाची बोलेरो. "लहान घेऊ नको गं. हायवेला समोरच्यानं आपल्याला बघून बाजूला व्हायला पाहिजे." मामाचा ऊस आहे. पाठीमागं चार पोती खत बसत नसेल तर ती त्याच्या लेखी गाडीच नाही.

आजीनं एवढंच विचारलं, "लावणार कुठं?" तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर कास्टिंगमधले ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेली हवेची भोकं शोधायची, व्हर्नियर लावायचा, नापास मालावर लाल खूण करायची. तीन वर्षं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून मोपेडवर जात-येत होते. पावसाळा कसाही निघतो, पण हंगाम सुरू झाला की हायवे नको वाटतो. उसाच्या ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि महिनाअखेरीला डिस्पॅच असला की मी रात्री नऊला बाहेर पडणार. गेल्या जानेवारीत एका ट्रॉलीतून मोळीभर ऊस माझ्या पुढ्यात सांडला. मी पडले नाही, पण त्या रात्री घरी येऊन आरडीचं पासबुक काढलं.

लायसन्स मिळालं म्हणजे गाडी येते, असं नसतं. क्लासच्या गाडीत सरांच्या पायाखाली दुसरा क्लच आणि ब्रेक असतो. महिनाभर मला वाटत होतं की हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून गाडी सरकवणं, आपल्याला छान जमतोय. टेस्टच्या आदल्या दिवशी सरांनी दोन्ही पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घातली आणि दसरा चौकाच्या सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली. महिनाभर क्लच त्यांचाच होता. मागच्या बसवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. म्हणून गाडी निवडताना एक गोष्ट मनाशी पक्की होती, की मला कुणाला काही दाखवायचं नाहीये, मला शिकायचंय. आणि शिकताना गाडी घासणार. कोरी गाडी पहिल्याच महिन्यात घासण्याइतकं काळीज माझ्याकडे नव्हतं. बाबांना हे पटायला आठवडा लागला.

पैसे साडेचार लाख, त्यात सगळं बसवायचं. माझी आरडी दोन लाख चाळीस हजार, बाबांचे एक लाख, कंपनीच्या पतसंस्थेचं एक लाखाचं कर्ज आणि दहा हजार आजीचे. आजीचे कुठून आले ते विचारायचं नसतं.

पहिली गाडी पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला बघितली, हायवेलगतच्या एका जुन्या गाड्यांच्या ठिकाणी. २०१८ ची, डिझेल, सिंगल हँड म्हणजे एकाच मालकाची, ४१ हजार किलोमीटर आणि किंमत बाजारापेक्षा निदान साठ हजारांनी कमी. पॉलिश असं की माझा चेहरा दिसत होता. आत सीटवर नवी कव्हरं आणि सुगंधाच्या तीन बाटल्या, एक आरशाला, दोन एसीच्या जाळीला.

आई म्हणाली, "एवढा वास कशाला?"

मी दार लावून दोन मिनिटं आत बसले. अत्तराच्या खालून दुसरा एक वास येत होता, आणि तो मला माहीत होता. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी ओसरल्यावर आम्ही मामाच्या घरी साफसफाईला गेलो होतो. भिंतीला, गादीला, देव्हाऱ्याला, कपाटातल्या लग्नाच्या अल्बमला एकच वास होता, ओल्या गाळाचा, थोडा आंबूस. फिनेल मारा, ऊद जाळा, तो दोन वर्षं गेला नव्हता आणि जातोय असं वाटेपर्यंत २०२१ चा जुलै आला.

मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला. पूर्ण, अगदी शेवटपर्यंत, जिथपर्यंत तो कधी कुणी ओढत नाही. वरचा भाग स्वच्छ काळा. शेवटची वीतभर पट्टी मातकट, आणि त्यावर एक सरळ रेघ, रंकाळ्याच्या भिंतीवर पाण्याची खूण राहते तशी. मग डिकीतली स्टेपनी काढायला लावली. खालच्या खोबणीच्या कोपऱ्यात पिठासारखा बारीक गाळ, स्क्रूची डोकी गंजलेली, सीटच्या रुळांनाही गंज.

"ताई, पावसात काच उघडी राहिली असंल," विकणारा म्हणाला.

"सीटच्या वरपर्यंत पाऊस?"

तो हसला आणि दुसरी गाडी दाखवू लागला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ लाही तीच गत, शिरोलीजवळ हायवे बंद. त्या दोन पुरांत बुडालेल्या गाड्या काही गायब झाल्या नाहीत, धुऊन-पुसून फिरतायत. इंजिन पुन्हा चालू होतंच. भीती वायरिंगची असते, आणि एअरबॅगचा मेंदू गाडीच्या तळाशी, मधल्या कन्सोलखाली बसवलेला असतो, म्हणजे पाणी सगळ्यात आधी तिथं पोचतं. बाहेरून काही दिसत नाही आणि हवी तेव्हा एअरबॅग उघडत नाही. "ॲक्सिडेंट झालाय का?" असं विचारण्यात अर्थ नाही, सगळे नाहीच म्हणतात. आमच्याकडं विचारायचा प्रश्न वेगळा आहे: "२१ च्या जुलैत गाडी कुठं होती?" खरं बोलणारा लगेच सांगतो, कारण त्या आठवड्यात कोण कुठं होतं हे कोल्हापुरात कुणीही विसरलेलं नाही.

त्यानंतर मी घाईला लगाम घातला. मोबाइलवर मात्र रात्री एक वाजेपर्यंत गाड्या बघायचे. एकदा पुण्याच्या माणसाला फोन केला आणि सवयीनं म्हणाले, "मी रविवारी येतो बघायला." पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, "ताई, येणार तुम्ही की तुमचे भाऊ?" कोल्हापूरच्या बायका 'येतो, जातो' म्हणतात हे त्याला कसं समजावणार? शिवाय बाहेरच्या पासिंगची गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी आली, तो ताप वेगळा. एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगचीच बघायची असं ठरवलं.

आता आजीचा प्रश्न.

आमच्या घराच्या मागं आजोबांचा गोठा होता. म्हशी गेल्या, पत्रे राहिले. गाडी लावायला त्याच्याइतकी चांगली जागा पेठेत कुणाकडं नाही, असं सगळे म्हणायचे. पण तिथं पोचायला गल्ली आहे. चुलतभाऊ म्हणाला, "टेम्पो जातोय की." टेम्पो जातो हे खरं, पण टेम्पोवाला वीस वर्षं टेम्पो चालवतोय.

एका रविवारी सकाळी सहाला मी कंपनीची पाच मीटरची स्टील टेप घेऊन गल्लीत उतरले. विजेचा खांब आणि समोरच्या काकांचा कट्टा, ही सगळ्यात अरुंद जागा. दोनदा मोजली. सात फूट तीन इंच. कट्ट्याच्या कोपऱ्याला काकांची तुळशीची कुंडी, ती चार इंच बाहेर. म्हणजे खरा हिशेब सहा फूट अकरा इंच.

काका दात घासत दारात उभे. "काय गं, रस्ता रुंद होणार हाय काय? नोटीस आल्या का?"

"नाही हो काका, गाडी बसते का बघतोय."

"म्हशी बसत हुत्या की," ते म्हणाले आणि आत गेले. त्या कुंडीबद्दल बोलायची माझी हिंमत झाली नाही. कट्ट्याला कुणाची सायकल टेकलेली त्यांना खपत नाही.

घरी येऊन वहीत मापं मांडली. गाड्यांच्या पत्रकात रुंदी दिलेली असते, पण ती आरशांशिवायची, हे मला तेव्हाच कळलं. अल्टो के१० १४९० मिलिमीटर, वॅगनआर १६२०, टियागो १६७७, स्विफ्ट १७३५. बोलेरो वहीत घेतलीच नाही. आरसे धरले की यात जवळपास फूटभर वाढतं. स्विफ्ट जाते, नाही असं नाही, पण रोज रात्री दमून आल्यावर मला ती तिथून न्यायची होती. चुलतभावाला वही दाखवली. तो म्हणाला, "एवढं मापून कोण गाडी घेतं?" कास्टिंग असं मापूनच घेतात, गाडी का नाही?

यादीत अल्टो, वॅगनआर आणि टियागो राहिल्या. मैत्रिणीच्या वॅगनआरमध्ये बसले तेव्हा खरं तर तिथंच थांबावंसं वाटलं. सीट उंच, बॉनेटचं टोक दिसतं, काचा मोठ्या, आणि वळायला इतकी सोपी की बिंदू चौकातून मी एकदाही न अडखळता निघाले. नवशिक्याला आणखी काय हवं? पण मग ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचण्या काढून बसले. टियागोला २०२० मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी चार तारे. अल्टो के१० ला २०२३ मध्ये दोन. वॅगनआरला त्याच वर्षी एक. चुलतभावाच्या लाडक्या स्विफ्टला २०२२ च्या चाचणीत एक.

यावर बाबांशी मोठा वाद झाला. बाबांचं म्हणणं, गल्लीतून ज्या वेगानं जायचंय त्यात तारे काय करायचेत, सगळं कोल्हापूर वॅगनआर चालवतंय. ते चुकीचं नव्हतं. पण मी रोज गल्लीत फक्त दोन मिनिटं असणार होते, आणि तिथं चुकले तर रंग जाईल. हायवेला वीस मिनिटं असणार होते, रात्री, ट्रॉल्यांच्या मागं. तिथल्या चुकीचा खर्च वेगळा. गल्लीतली अडचण सरावानं जाईल असं मला वाटलं, पत्र्याची जाडी सरावानं वाढत नाही. आई त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलली.

मॉडेलचं वर्षही आपोआप ठरलं. १ जुलै २०१९ पासूनच्या गाड्यांना चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारा आवाज, ८० च्या पुढं गेलं की वाजणारी सूचना आणि मागं पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सगळ्या गाड्यांना. शिवाय १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवून घ्यायची धावपळ त्या महिन्यांत सगळा महाराष्ट्र करत होता. मला २०२० च्या पुढचीच हवी होती. मॅन्युअल की ऑटोमॅटिक, यावर मी अर्धाच दिवस विचार केला. लायसन्सला दोन्ही चालतं, पण त्या मांडी घातलेल्या सरांचा मला बदला घ्यायचा होता. मॅन्युअल. (पापाच्या तिकटीला अडकले की अजून पस्तावते.)

मग २०२५ चा ३ सप्टेंबर आला. जीएसटी परिषदेनं लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आणला, आधी २८ टक्के आणि वर सेस होता. लागू २२ सप्टेंबरपासून. टाटांनी तर टियागो ७५ हजारांपर्यंत उतरणार असं जाहीर करून टाकलं. बाबा लगेच, "बघ, देव म्हणतोय नवीच घे." हिशेब केला. कर कमी झाला तरी रोड टॅक्स, विमा आणि रजिस्ट्रेशन धरून नवी टियागो माझ्या साडेचार लाखांच्या पुढंच जात होती, तीही सगळ्यात साधी. पण मला दुसरंच काहीतरी दिसलं. नवी गाडी स्वस्त झाली म्हणजे जुनीची किंमत उतरायलाच हवी, आणि विकणारे अजून जुनेच भाव धरून बसले होते. त्यात ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली आणि ८ पासून पितृपक्ष. त्या पंधरा दिवसांत आमच्याकडं कुणी खिळासुद्धा विकत घेत नाही. नवी घेणारे २२ ची वाट बघत थांबलेले, जुनी घेणारे पितरांमुळं थांबलेले. गाड्या बघायला याहून शांत दिवस वर्षात मिळत नाहीत.

आजीला विचारलं. तिनं निकाल दिला, "बघायला काय हुतंय? घट बसल्याबिगर पैसं द्यायचं न्हाईत आन् दारात आणायची न्हाई."

नागाळा पार्कातले एक बँकेतले साहेब. फेब्रुवारी २०२१ ची टियागो, पेट्रोल, ३८ हजार किलोमीटर, राखाडी. सांगितले चार लाख साठ हजार. नागाळा पार्क म्हटल्यावर माझे कान टवकारले, कारण जयंती नाला फुगला की तिकडं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिलाच प्रश्न विचारला, "२१ च्या जुलैत गाडी कुठं होती?"

साहेबांनी मोबाइल काढला, जरा मागं गेले आणि फोटो दाखवला. टेंबलाईवाडीत मेव्हण्याच्या घरासमोर एका ओळीत सहा-सात गाड्या, त्यात ही, नवी कोरी, आणि बॉनेटवर पाय सोडून बसलेला त्यांचा मुलगा. खाली तारीख. "दोन दिवस आधीच चढवून ठेवली," ते म्हणाले. तरीही मी बेल्ट शेवटपर्यंत ओढला. ते काही बोलले नाहीत, उलट मागचे दोन स्वतःच ओढून दाखवले.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या मेस्त्रींना घेऊन गेले. पाचशे रुपये आणि चहा, असा त्यांचा दर. आदल्या रात्री साहेबांना सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. मेस्त्रींनी गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला आणि परत माझ्याकडं वळले. "गरम हाय. चला, उद्या येऊ." साहेब ओशाळले, त्यांनी आपली चांगल्या मनानं सकाळी गाडी 'जरा फिरवून आणली' होती. गार इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं, कसला आवाज करतं, मागून निळसर धूर येतो का, हे गरम झाल्यावर कळत नाही. तिसऱ्या दिवशी सहा वाजता आम्ही पुन्हा हजर. तीन सिलिंडरचं इंजिन, सुरू होताना जरा थरथरलं, मग बसलं. धूर नाही. ऑइलचं झाकण काढून मेस्त्रींनी आत बोट फिरवलं, सायीसारखा पांढरा थर नाही.

मग त्यांनी बॉनेटचे आणि दारांचे बोल्ट बघितले, कुठं पाना लागून रंग उडालाय का. नंतर बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत गाडीभोवती फिरले. मला हसू आलं. आम्ही कास्टिंगवर हातोडी मारून हेच करतो, चांगला माल घंटेसारखा वाजतो. मी त्यांच्या मागोमाग वाजवत निघाले आणि डाव्या मागच्या दाराशी दोघंही एकदम थांबलो. आवाज बोदा होता.

"पुट्टी," मेस्त्री म्हणाले.

"गेटला घासली होती," साहेब म्हणाले. "मुलानं. त्याचंही नवंच लायसन्स होतं."

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. इथं चारही टायरवर ४८२०, म्हणजे २०२० च्या ४८ व्या आठवड्यातले, गाडीबरोबर आलेले. नक्षी शिल्लक होती पण रबर पाच वर्षांचं. उलट बाजूनं बघितलं तर हे चांगलंच होतं, ३८ हजारांच्या मीटरला मूळचे टायर शोभतात. मीटर फिरवलेल्या गाडीला सहसा टायर नवे असतात आणि स्टिअरिंग, पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असतं. सर्व्हिसची बिलंही किलोमीटरशी जुळत होती.

चालवून बघायला टेंबलाईच्या टेकडीला नेली. चढावर थांबवली, हँडब्रेक लावला, हाफ क्लच, हँडब्रेक सोडला. गाडी मागं न येता पुढं सरकली. पहिल्यांदा. मागच्या सीटवर मेस्त्री म्हणाले, "क्लच चांगला हाय." माझ्या पायाबद्दल काही बोलले नाहीत, पण मला तेवढं पुरलं. पुढच्या काचेच्या कडेचा खांब वॅगनआरपेक्षा जाड वाटला, उजवीकडं वळताना मान पुढं काढून बघावं लागतं. ही गोष्ट मनात नोंदवून ठेवली आणि अजून तसं बघते.

खाली उतरल्यावर पेट्रोलचा विषय निघाला. मेस्त्री म्हणाले, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतंय, ही गाडी त्याच्या आधीची, ॲव्हरेज थोडं कमी धरा आणि रबरी पाइप दर सर्व्हिसला बघून घ्या. रात्री मामाला सांगितलं तर तो हसत सुटला. "आमच्याच उसाचं हाय की ते! कारखाना बिल वेळेवर देईना, निदान तू तरी जाळ."

भाव करायला बाबा आले होते. मी म्हटलं, मी बोलतो. साहेबांची नवी गाडी २२ ला, घटस्थापनेला येणार होती आणि त्यांच्या सोसायटीत जागा एकाच गाडीची. हे त्यांनी पहिल्याच दिवशी गप्पांच्या ओघात सांगितलं होतं आणि मी ते विसरले नव्हते. टायर, पुट्टी आणि उतरलेला जीएसटी, तिन्ही मांडले आणि तीन लाख नव्वद म्हटलं. ते चार पन्नासवर आले. चहा झाला. चार पस्तीस. बाबांची चुळबुळ सुरू झाली, त्यांना ते पटलं होतं. मी चार लाख अठरा हजारांवर थांबले, का ते मला आजही सांगता येणार नाही, तोंडाला आलं. साहेब बायकोकडं बघून म्हणाले, "घरातली गाडी घरातच गेल्यासारखी आहे."

पण पैसे द्यायचे नव्हते! पितृपक्ष. टोकन नाही, काही नाही, नुसता शब्द. पुढचे आठ दिवस माझा जीव टांगणीला. कुणी येऊन चार पंचवीस दिले तर? साहेबांनी मात्र शब्द पाळला. त्यांच्याही घरी आई होती आणि पितृपक्षात गाडी द्यायला तिचाही विरोध होता, हे नंतर समजलं.

सोमवारी २२ ला अर्धी रजा टाकून पैसे भरले, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. एकच आरटीओ असल्यानं एनओसीचा प्रश्न नव्हता. मात्र आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, अजून बँकेचा बोजा दिसत होता. कर्ज फिटून वर्ष झालेलं, पण तो उतरवायचा राहूनच गेला होता, आणि साहेब स्वतः बँकेत! मग बँकेचं पत्र, फॉर्म ३५, आणि माझ्या नावाची आरसी यायला त्यामुळं जास्तीचे दिवस गेले. पैसे देण्याआधी आरसी आणि दंडाच्या चलनांबरोबर हेही एकदा बघायला हवं होतं, ही चूक माझी. चलन एकच होतं, नो पार्किंगचं, ते त्यांनी भरलं.

विम्यातही एक धडा मिळाला. गाडीबरोबर पॉलिसी येते, पण त्यातली नो क्लेम बोनसची सूट येत नाही, ती माणसाची असते. साहेबांना ४५ टक्के सूट होती, उरलेल्या महिन्यांचा तो फरक मला भरावा लागला. पॉलिसी नावावर करायला १४ दिवसांची मुदत असते. गंमत म्हणजे लायसन्स दीड महिन्याचं आहे म्हणून कुणी हप्ता वाढवला नाही. आपल्याकडं गाडीचं वय विचारतात, चालवणाऱ्याचं नाही.

संध्याकाळी सहाला गल्लीच्या तोंडाशी आले. बाबा पुढं चालत, हात हलवत, विमान उतरवल्यासारखे. खांबाशी मी थांबले, दोन्ही आरसे मिटले आणि पहिल्या गिअरमध्ये सोडली. डावीकडं कुंडी, उजवीकडं खांब. बाहेरून आई "ये, ये" म्हणत होती आणि चुलतभाऊ "थांब, थांब". मी दोघांचं ऐकणं बंद करून काच वर केली. गाडी गेली. आजीनं गोठ्याच्या दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला.

अकराव्या दिवशी, म्हणजे दसऱ्याचा झेंडूचा हार अजून ग्रिलवर असताना, डावा आरसा कुंडीला लागला. तुळस हलली, कुंडीचा कोपरा उडाला आणि आरशावर पांढरी रेघ उमटली. काका बाहेर आले. मी खाली उतरून आधीच माफी मागितली, नवी कुंडी आणून देते म्हणाले. त्यांनी आरसा बघितला, कुंडी बघितली, काही न बोलता आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीला निघाले तर कट्टा मोकळा. कुंडी आतल्या पायरीवर सरकवलेली. काका दात घासत उभे.

"आता सात फूट तीन इंच झालं न्हवं?"

"झालं काका."

"मग रविवारी आमास्नी जोतिबाला न्ह्यायचं. मागं मी, तुझी काकू आन् नातू. सावकाश जायचं, घाई न्हाई."